पहिल्यांदाच समूह साउंड बाथला जाताना: काय अपेक्षा ठेवावी, जागा कुठे धरावी, कधी उठून यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: काही महिने कामाचा ताण आहे, झोप तुटक झाली आहे. मैत्रीण समूह साउंड बाथला, म्हणजे चटईवर पडून वाद्यांचे आवाज ऐकण्याच्या सत्राला, चल म्हणते आहे. पण तासभर अनोळखी माणसांत डोळे मिटून पडून राहायचं, हे अवघड वाटतं. मन एका जागी थांबत नाही. शिवाय जाहिरातीत 'कंपनांनी पेशी बऱ्या होतात' असं वाचल्यामुळे शंका आली आहे. जावं का? आणि गेलं तर काय करावं?

जा, असंच मी सांगेन. शंकाही घेऊन जा, ती बाजूला ठेवायची गरज नाही. मी बरीच वर्षं अशी सत्रं घेते आणि दुसऱ्यांच्या सत्रांना श्रोता म्हणूनही जाते. विश्वास ठेवणाऱ्यांना जास्त आराम मिळतो आणि शंका घेणाऱ्यांना कमी, असं मला दिसलेलं नाही. फरक पडतो तो वाजवणाऱ्यामुळे, तुम्ही कुठे झोपता त्यामुळे, आणि दोन आवाजांच्या मध्ये किती जागा सोडली जाते त्यामुळे. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

आधी प्रत्यक्ष काय घडतं ते सांगते. एका खोलीत दहा-पंधरा माणसं चटयांवर उताणी झोपतात, अंगावर पांघरूण, डोळ्यांवर कापड. एक-दोन जण पाऊण ते सव्वा तास वाद्यं वाजवतात: काशाचे वाडगे, क्वार्ट्झचे (स्फटिकाचे) पांढरे वाडगे, गाँग (टांगलेली धातूची मोठी थाळी), छोट्या घंटा, कधी श्रुतिपेटी, कधी नुसता गळा. तुम्हाला काहीही करायचं नसतं. याला मैफल म्हणता येणार नाही, कारण ठेका नसतो आणि चालही नसते. हे मुद्दाम असतं. चाल ओळखीची वाटली की मन पुढच्या सुराची वाट पाहू लागतं आणि ठेका असला की पाय हलतो. इथे पुढे काय येणार याचा अंदाज बांधण्यासारखं काही नसतं, त्यामुळे काही वेळाने मन अंदाज बांधायचं सोडून देतं.

आराम कशाने मिळतो याचं माझं उत्तर साधं आहे. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. झोपेतही ऐकणं चालू असतं, आणि अचानक सुरू होणारा आवाज शरीर आधी धोका म्हणूनच घेतं. दार आपटलं की खांदे आपोआप वर जातात ते यामुळे. मोठ्या वाडग्यावर नरम टोला दिला तर आवाज हलकेच वर येतो आणि अर्धा मिनिट, कधी मिनिटाहून जास्त वेळ विरत राहतो. त्या विरण्याच्या मागे कान जातो. आवाज इतका बारीक होतो की आहे की संपला ते कळत नाही, आणि नेमकं तिथेच बहुतेकांचा श्वास लांबतो. मी वाजवताना समोरच्यांची पोटं पाहत असते. श्वास बदलतो तो टोल्यावर नाही, शेपटावर. म्हणून पहिला आवाज पुरता विरण्याआधी दुसरा वाजवणाऱ्याकडे कितीही सुंदर वाद्यं असली, तरी त्याच्या सत्रातून माणसं थकून बाहेर पडतात.

याला थोडा आधार संशोधनातही आहे. 2006 साली इटलीतल्या संशोधकांनी 24 जणांना वेगवेगळ्या प्रकारचं संगीत ऐकवलं आणि मध्येच दोन मिनिटांची शांतता ठेवली. त्या शांततेत हृदयाचे ठोके आणि रक्तदाब संगीत सुरू होण्याआधीच्या पातळीच्याही खाली गेले. वाडग्यांवरचं काम थोडं आहे. 2014 च्या एका अभ्यासात 51 जणांनी दोन सत्रं केली. एकात विश्रांतीच्या सूचनांआधी 12 मिनिटं वाडगा वाजला, दुसऱ्यात तेवढाच वेळ शांतता होती. वाडग्यानंतर वरचा रक्तदाब आणि ठोके जास्त उतरले. अमेरिकेतल्या 62 जणांच्या आणखी एका अभ्यासात सत्रानंतर ताण, राग आणि थकवा कमी झाल्याचं लोकांनी नोंदवलं, आणि तुमच्या दृष्टीने रस घेण्यासारखी गोष्ट म्हणजे पहिल्यांदा येणाऱ्यांचा ताण सरावलेल्यांपेक्षा जास्त उतरला. पण त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नुसतं तासभर शांत पडून राहिल्यानेही तेवढंच झालं असतं का, हे त्यातून ठरत नाही. असे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2020 च्या एका आढाव्यात हाती फक्त चार अभ्यास लागले, आणि उपचार म्हणून शिफारस करण्याइतका पुरावा अजून नाही असा निष्कर्ष निघाला. तेव्हा आराम मिळवायला जा, आजार बरा करायला नाही.

जाहिरातीतल्या पेशींबद्दल तुम्ही विचारलंत. 432 हर्ट्झ निसर्गाचा सूर आहे, 528 हर्ट्झने जनुकं दुरुस्त होतात, अशी वाक्यं तुम्हाला आणखीही दिसतील. त्यांना आधार नाही. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद किती लांब हे माणसाने ठरवलेलं आहे. ते माप वेगळं धरलं असतं तर त्याच सुराचा आकडा दुसराच निघाला असता. वाडगे सात धातूंचे असतात हेही सर्रास सांगितलं जातं, पण तपासलेले वाडगे बहुतेक साध्या काशाचेच निघतात, साधारण 80 टक्के तांबं आणि 20 टक्के कथील. आणि असं झोपून वाडगे ऐकायची पद्धत हजारो वर्षं जुनी नाही. ती मुख्यतः 1970 च्या दशकानंतर पाश्चात्त्य देशांत रुजली आणि तिथून पसरली. हे कळल्याने आवाज कमी गोड होत नाही. पण जो वाजवणारा मधुमेह, गाठी किंवा नैराश्य बरं करण्याचं वचन देतो, त्याच्याकडे जाऊ नका. चालू गोळ्या बंद करायला सांगितल्या तर तिथूनच परत फिरा.

वाद्यांची थोडी ओळख असली की जागा निवडणं सोपं जातं. हाताने ठोकलेल्या वाडग्याची कड कधीच तंतोतंत गोल नसते, म्हणून एकाच टोल्यात अगदी जवळजवळचे दोन सूर निघतात आणि ते एकमेकांत मिसळून 'वूं… वूं…' असा संथ हेलकावा तयार होतो. क्वार्ट्झच्या वाडग्याचा सूर जवळजवळ निर्भेळ असतो. तो कुठून येतो हे कानाला नीट ठरवता येत नाही, त्यामुळे डोक्याच्या आतच वाजतो आहे असं काहींना वाटतं. काहींना ते फार आवडतं, काहींना अजिबात नाही. असा सूर भिंतींवरून परतून खोलीत ठरावीक ठिकाणी जोरात आणि ठरावीक ठिकाणी मंद ऐकू येतो. म्हणून एखादा वाडगा कानात घुसतो आहे असं वाटलं तर डोकं वीतभर सरकवा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं, आणि हे फारसं कोणी सांगत नाही. गाँगची गोष्ट निराळी. टोला पडल्यावर आधी खोल गुंजन येतं, मग क्षणभरात वरचे सूर उसळून आवाज फुलतो. वाजवणाऱ्याने एकावर एक टोले दिले तर तो खूप मोठा होऊ शकतो.

म्हणून पहिल्या वेळी गाँगपासून जितकं लांब जमेल तितकं झोपा, शक्यतो भिंतीलगत आणि दाराच्या बाजूला. दाराजवळची जागा धरण्यात कमीपणा नाही. हवं तेव्हा उठता येईल हे माहीत असलं की शरीर लवकर सैल पडतं. बहुतेक ठिकाणी डोकं वाद्यांकडे करून झोपवतात. आवाज जड वाटेल असं वाटत असेल तर पाय वाद्यांकडे करू का, असं विचारा. कोणीही समजूतदार माणूस हो म्हणेल.

आवाजाच्या पातळीबद्दल मी थोडी हट्टी आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या मापाप्रमाणे 85 डेसिबल आवाजात आठ तास राहणं ही मर्यादा आहे आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. जवळून जोरात वाजवलेला मोठा गाँग तिथपर्यंत सहज पोचतो. 'जितका मोठा आवाज तितकी खोल स्वच्छता' असं कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. फोमचे साधे कानातले बोळे खिशात ठेवा. ते घातले तरी खोल सूर कमी-अधिक प्रमाणात येतातच, आणि जमिनीतून पाठीला जाणवतात. स्पर्शाने कंपनं टिपणारे शरीरातले एक प्रकारचे संवेदक 250 हर्ट्झच्या आसपास सर्वांत तल्लख असतात, आणि वाडग्यांचे बरेच सूर त्याच टापूत पडतात. घरी फोनच्या स्पीकरवर तेच ध्वनिमुद्रण ऐकलं तर पोकळ वाटतं त्यामागे हेही एक कारण आहे.

कोणी जाऊ नये, किंवा आधी डॉक्टरांना विचारून जावं? आवाजामुळे झटका येण्याचा अपस्माराचा प्रकार दुर्मीळ आहे, पण तो असेल तर नकोच. इतर अपस्मारात विचारून जा. डोक्याला नुकताच मार लागला असेल तर थांबा. कानात सतत गुणगुण असेल किंवा साधे आवाजही सहन होत नसतील, तर फक्त वाडग्यांचं, गाँग नसलेलं सत्र शोधा. पेसमेकर असेल तर छातीवर वाडगा ठेवू देऊ नका आणि जाण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांशी बोला. गरोदरपणाच्या उत्तरार्धात उताणं झोपू नये, डाव्या कुशीवर झोपावं आणि गाँगपासून दूर राहावं. श्रवणयंत्र झोपल्यावर उशीला टेकून शिट्टी मारतं, ते काढून ठेवा किंवा आवाज कमी करा. आणि मनावर जुना मोठा आघात असेल, तर अंधार, अनोळखी माणसं आणि न थांबवता येणारा आवाज हे तिन्ही एकत्र येणं त्रासाचं होऊ शकतं. अशांनी उघड्या डोळ्यांनी, भिंतीला पाठ टेकून बसून ऐकावं, किंवा आधी एकट्याने, छोट्या सत्रात.

सत्र ठरवण्याआधी वाजवणाऱ्याला फोन करा आणि तीन गोष्टी विचारा. गाँग किती वेळ आणि किती मोठा वाजतो? शेवटी शांतता किती वेळ ठेवता? सत्रात अंगाला हात लावता का, अंगावर वाद्य ठेवता का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'आधी विचारल्याशिवाय नाही' असंच हवं. दुसऱ्याचं उत्तर काही मिनिटं असं हवं. शांतता कशाला, असं कोणी विचारलं तर त्याला त्याचंच काम उमगलेलं नाही.

जाताना सैल कपडे घाला, पायमोजे आणि एक जादा पांघरूण घ्या. निश्चल पडल्यावर अंग गार पडतं आणि थंडी वाजली की आराम तिथेच संपतो. एक घडी मानेखाली, एक जाडसर गुंडाळी गुडघ्यांखाली. गुडघ्यांखालची विसरू नका, कारण तासभर सपाट झोपल्यावर सर्वांत आधी कंबर बोलते. जड जेवण दोन-तीन तास आधी उरका. अत्तर लावू नका, वाजणाऱ्या बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवा. फोन पूर्ण बंद करा, कारण नुसता व्हायब्रेटवर ठेवलेला फोन लाकडी जमिनीवर सगळ्या खोलीला ऐकू जातो.

आता प्रत्यक्ष पडून राहण्याबद्दल. पहिली दहा मिनिटं बहुतेकांची वाईट जातात. नाक खाजतं, लाळ गिळल्याचा आवाज मोठा वाटतो, शेजारच्याचा श्वास ऐकू येतो, आपण काय करतोय इथे असा विचार येतो. हे सगळ्यांचं होतं, वर्षानुवर्षं येणाऱ्यांचंही. खाजवा, कूस बदला, घसा साफ करा. हलू नये असा नियम करणारे लोक आहेत, पण मला तो पटत नाही. खाज दाबून धरलेला माणूस आवाज ऐकत नसतो, खाज ऐकत असतो.

तुमचं मन थांबत नाही म्हणता. ते थांबवायचं नाही. एक टोला घ्या आणि तो पूर्ण विरेपर्यंत त्याच्यासोबत जा. मध्येच विचार आला आणि आवाज हातून सुटला तर सुटू द्या, पुढचा घ्या. सुटलेल्याच्या मागे धावू नका. श्वास मोजू नका, रंग पाहायचा प्रयत्न करू नका, अमुक अवयव सैल करतो आहे असं मनाला बजावत बसू नका. आरामाचा प्रयत्न सुरू झाला की जबडा आवळतो, आणि हे मला पाच पावलांवरून दिसतं.

मधल्या काळात विचित्र गोष्टी होतात. झोप आणि जाग यांच्या सीमेवर चित्रं दिसतात, पाय एकदम झटकतो, हात जड किंवा मोठा झाल्यासारखा वाटतो, वेळ कळत नाही. झोप लागताना कोणालाही हे होतं, त्यात गूढ काही नाही. कोणीतरी घोरतं. त्याला हलकेच कुशीवर वळवायचं काम वाजवणाऱ्याचं, तुम्ही अस्वस्थ होऊ नका. तुम्हीच घोरलात तरी शरमू नका. काही जण रडतात. खूप दिवसांनी थांबायला मिळालं की असं होतं. रडू येऊ द्या, पण त्याचा अर्थ लावत बसू नका, आणि दुसऱ्यालाही लावू देऊ नका. काहींना काहीच होत नाही, नुसता कंटाळा येतो. तोही चालतो. तासभर कोणी काही मागत नाही अशा ठिकाणी कंटाळणं हीसुद्धा विश्रांती आहे.

पण कंटाळा वेगळा आणि भीती वेगळी. छाती धडधडू लागली, श्वास अडकला, इथून निघायलाच हवं असं वाटलं, तर डोळे उघडा, कुशीवर वळा, तळहात जमिनीवर दाबा. तेवढ्याने नाही भागलं तर उठून बसा. तरीही नाही, तर बाहेर जा. माफी मागायची गरज नाही. एका वाक्यापासून मात्र सावध राहा: 'विरोध करू नकोस, तुझ्यातला अडथळा बाहेर पडतो आहे.' घाबरलेल्या माणसाला हे सांगणं क्रूर आहे. त्याला पाणी आणि मोकळी हवा लागते, स्पष्टीकरण लागत नाही. असं बोलणाऱ्याच्या खोलीत पुन्हा पाऊल टाकू नका.

अनोळखी लोकांत अवघडल्यासारखं होतं म्हणालात. पाचव्या-सहाव्या मिनिटापासून तुमच्याकडे कोणी पाहत नसतं, सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात. उलट, घरी एकटे ऐकताना तुम्ही फोन उचलाल, कपडे वाळत घातले का ते पाहायला उठाल. इथे सगळेच पडून आहेत म्हणून तुम्हीही पडून राहता. शिवाय एक माणूस जागा आहे आणि लक्ष ठेवून आहे, हे शरीराला कळतं. घरात सगळ्यांवर लक्ष ठेवणं ज्यांच्या वाट्याला येतं, त्यांना हे फार लागतं. समूहाचा खरा उपयोग मला इथेच दिसतो.

झोपेसाठी जात असाल तर संध्याकाळचं सत्र निवडा, दुपारचं नको. दुपारी सत्रात तासभर गाढ झोपलात तर रात्री पुन्हा छताकडे पाहत राहाल. आणि तुटक झोप तीन महिन्यांहून जास्त काळ, आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री चालली असेल, तर साउंड बाथवर भिस्त ठेवू नका. दीर्घ निद्रानाशासाठी विचार आणि सवयींवर काम करणारी एक ठरावीक उपचारपद्धती आहे, सीबीटी-आय नावाची. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने 2016 साली गोळ्यांच्या आधी तीच सुचवली. तिच्यासाठी डॉक्टरांना भेटा. सोबत साउंड बाथ चालू ठेवायला हरकत नाही.

संपल्यावर झटकन उठू नका. आधी कुशीवर, मग हाताचा आधार घेऊन बसा, मग उभे राहा. रक्तदाब उतरलेला असतो आणि वयस्कर माणसांना चक्कर येते. थोडं पाणी प्या, गाडी चालवायला किमान दहा-पंधरा मिनिटांनी बसा. अनुभव सांगायचं वर्तुळ असेल तर 'मला सांगायचं नाही' हे पूर्ण उत्तर आहे. मैत्रिणीलाही आधीच सांगून ठेवा की चप्पल घालतानाच 'कसं वाटलं?' विचारू नकोस.

कसं झालं हे त्या खोलीत ठरवू नका. त्या रात्री झोपताना जबडा आणि खांदे कुठे आहेत ते पाहा, दुसऱ्या दिवशी पहिल्या कटकटीला तुम्ही कसं उत्तर देता ते पाहा. कानात शिट्टी वाजत राहिली तर आवाज फार मोठा होता, आणि दुसऱ्या दिवशीही ती राहिली तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. एकदा बरं वाटलं नाही तर वाजवणारा बदलून पुन्हा जा, कारण माणसामाणसाच्या हातात फार फरक असतो. दोन-तीन ठिकाणी जाऊनही काही हाती लागलं नाही तर सोडून द्या. काही शरीरं हलल्यावरच सैल होतात, पोहल्यावर, लांब चालल्यावर, गायल्यावर. तुमचं तसं असेल तर तो तासही तिकडेच लावा.